नखावरची मेंदी

लसूण दारातूनच कळतो. व्हिनेगर कळायला माणूस खुर्चीत बसावा लागतो. कापूर घातलेलं खोबरेल मोजा उतरवल्यावर कळतं, आणि हळद तर कुणी सांगावीच लागत नाही, ती मोज्यालाही लागलेली असते. एका निवृत्त अधिकाऱ्यांचा उपाय मात्र मला जिन्यातच कळला होता. तो बाजारात मिळत नाही. ज्याचा त्यानं रोज सकाळी स्वतःच तयार करायचा असतो. "इक्कीस दिन से कर रहा हूँ," ते छाती पुढे काढून म्हणाले. बाविसाव्या दिवशी ते माझ्याकडे आले होते, यातच सगळं आलं.

मी जयपूरच्या मालवीय नगरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी, सगळंच तपासतो. पण पायाच्या नखांची बुरशी पहिल्यापासून माझ्याच वाट्याला आहे, कारण ती दुसऱ्या कुणाला नको होती. आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "तुमच्या कामातलं काहीतरी हसतंखेळतं लिहा" असं संपादकांनी सांगितलं. हसण्यासारखं पुष्कळ आहे. मी इतकी वर्षं हसतच आलो. त्या हसण्याचं काय झालं, तेच लिहितो आहे.

आधी काम काय ते सांगतो. नखाला बुरशी लागली की ते पिवळं किंवा पांढरट पडतं, जाड होतं, कडेनं त्याचा भुगा सुटतो. डॉक्टर चिठ्ठी देतात. मी पाय स्पिरिटनं पुसतो, नखाचा सुटा भाग कापतो आणि बोथट पात्यानं नखाखालचा भुगा खरवडतो. तो जितका मागून घ्याल तितका चांगला, कारण जिवंत बुरशी मागे असते. टोकाला नुसता कचरा. हा भुगा काचेवर घेऊन त्यावर पोटॅशचं द्रावण टाकायचं. नख विरघळायला काही तास लागतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात, बांबूसारखी पेरं असलेले, मधूनच फांदी फुटलेले. दिसले तर बुरशी, नाही तर नाही.

आता या काचेवर लोकांचं स्वयंपाकघर येतं. तेलाचे बुडबुडे येतात, हळदीचे पिवळे गोळे येतात, लसणाची सालं येतात. मोज्यांच्या सुताचे धागे तर इतके येतात की शिकाऊ टेक्निशियन हमखास त्यांनाच बुरशी म्हणून नाचतात. काच बघून त्या घरी काय काय चोळलं जातंय हे मी सांगू शकतो. पण बुरशी आहे का, हे काही वेळा सांगता येत नाही, कारण ती शोधायला जागाच ठेवलेली नसते.

इथल्या लष्करी छावणीतले एक सुभेदार, मूळ साताऱ्याकडचे, लंगडत आले होते. त्यांच्या मंडळींनी लसूण ठेचून अंगठ्याला बांधला आणि वर मोजा, वर बूट चढवून त्यांना परेडला पाठवलं. नखाखालची कातडी भाजल्यासारखी सोलली होती.

"मिरची तेवढी घातली नव्हती हो," बाई मला समजावत म्हणाल्या.

"घातली असतीस तर भाकरी घेऊनच गेलो असतो परेडला," सुभेदार म्हणाले.

दुसरे एक निवृत्त इंजिनियर. त्यांनी संडास धुवायचं ॲसिड बोळ्यानं नखाला लावलं. मी हात जोडले. त्यांनी मला तर्कशास्त्र शिकवलं.

"टाइल का पीलापन जाता है कि नहीं?"

"जाता है."

"तो नाखून का क्यों नहीं जाएगा?"

"टाइल के नीचे चमड़ी नहीं होती, साहब."

यावर त्यांनी एकदा नखाकडे बघितलं आणि ते म्हणाले, "पानी मिलाया था." जणू माझाच गैरसमज झाला होता.

या सगळ्या उपायांचं गुपित अगदी साधं आहे. पायाच्या अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत यायला वर्ष-दीड वर्ष घेतं. पंधरा दिवसांत नख बरं करणाऱ्या माणसाला नख म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. आणि जाड, पिवळं नख म्हणजे बुरशीच, असंही नाही. घट्ट बूट, जुनी ठेच, त्वचेचे दुसरे रोग, नुसतं वय, कशानंही नख तसं होतं. माणूस बूट बदलतो, नख हळूहळू सुधारतं, आणि श्रेय जातं लिंबाला. मग तो लिंबू साऱ्या नातेवाइकांना वाटत सुटतो. मला या माणसांचा मनापासून तिटकारा होता. अजूनही आहे, हे कबूल करतो. फरक एवढाच, की आता त्यांच्या रांगेत मी स्वतःलाही उभा करतो.

जयपूरच्या मराठी मंडळींत घरगुती उपायांचं मुख्य कार्यालय म्हणजे विमलकाकू. माझे वडील आणि त्यांचे यजमान एकाच विमा कंपनीत, एकाच वर्षी बदलीवर इथे आले आणि दोन्ही घरं इथेच राहिली. मी आठवीत असताना आईला टायफॉइड झाला, तेव्हा दोन महिने मी काकूंकडे जेवत होतो. त्यांची मुलगी पल्लवी माझ्याहून बरीच लहान. तिचं सगळं इथलंच, त्यामुळे मराठी अडखळत बोलते आणि मला सुधीरभैया म्हणते. काका गेल्यापासून मायलेकी दुर्गापुऱ्यात राहतात. काकूंचं वय एकाहत्तर, आवाज चाळिशीतला.

गेल्या वर्षी जानेवारीत मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. दुपारची वेळ, गच्चीवर ऊन, आकाशात पतंगांची गर्दी. बायका सतरंजीवर पाय पसरून बसल्या होत्या आणि नेहमीप्रमाणे मला घेराव पडला होता. कुणी बेकिंग सोडा विचारलं, कुणी कडुनिंब. मी वैतागलो होतो. इतक्यात काकू म्हणाल्या, "सुधीर, माझ्या अंगठ्याचं नख काळपट झालंय बघ. लिंबू झालं, सोडा झाला. आता शेजारीण म्हणते सफरचंदाचं व्हिनेगर. तू बघतोस का जरा?" आणि त्या मोजा काढायला लागल्या.

"अहो काकू, तिळगुळाच्या ताटाशेजारी कशाला!" मी म्हणालो. "आणि कशाला व्हिनेगर नि बिनेगर? मेंदी लावा सरळ. बुरशी जाणार नाही, पण दिसणार तरी नाही."

सगळ्या हसल्या. काकूही हसल्या आणि त्यांनी मोजा परत वर ओढला.

बुरशीचं नख बहुतेक वेळा पिवळं असतं, पांढरट असतं. काळपट म्हटल्यावर माझे कान उभे राहायला हवे होते. सव्वीस वर्षं हेच करतोय ना मी? पण मी माझ्या वाक्यावर खूश होतो. हातात तिळगूळ होता, गोड बोलायचा दिवस होता.

संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश फिरला: "नखाच्या बुरशीवर रामबाण उपाय, मेंदी. सल्ला: लॅबवाले सुधीर भाऊजी." खाली तीन जोडलेले हात. माझ्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग कुठेतरी गळून पडला होता. मी तो संदेश बायकोला दाखवला आणि पोट धरून हसलो.

नीता हसली नाही. "अहो, काढून टाकायला सांगा ना तो."

"राहू दे गं. मेंदीनं कुणी मरत नाही."

त्या उन्हाळ्यात मराठी पावलांवर मेंदी दिसायला लागली. इथे चैत्रात गणगौरच्या सणाला बायका मेंदी काढतातच, आमच्या बायकांनी ती नखांवरही थापली. मला रस्त्यात थांबवून नखं दाखवायच्या. मी "वा, वा" म्हणायचो आणि घरी येऊन नकला करायचो.

मे महिन्यात काकू लॅबमध्ये आल्या. एकट्या, रिक्षानं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय. आमच्या लोकांची ही खास रीत आहे. लॅबमध्ये आपला माणूस आहे, मग डॉक्टरकडे कशाला जायचं? मीही कधी कुणाला परत पाठवलं नाही. त्यात एक मोठेपणा वाटायचा.

"तुझी मेंदी तीनदा लावली," काकू खुर्चीत बसत म्हणाल्या. "आता बुरशी गेली का ते सांग. गणगौरनंतर लावलेली नाही हो, तपासणीत अडचण नको म्हणून."

त्यांचा पाय मी मांडीवर घेतला. दर दिवाळीला ज्या पायाला हात लावतो, तोच. अंगठ्याचं नख मेंदीनं गडद तांबडं झालं होतं. आता मेंदीबद्दल एक गोष्ट. ती नखात मुरते आणि नखाबरोबर पुढे सरकत जाते. त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी नखाच्या मुळाशी नव्या, कोऱ्या नखाची बारीक चंद्रकोर दिसते. काकूंच्या नखालाही ती होती. आणि त्या कोऱ्या चंद्रकोरीतून एक काळी रेघ सरळ मागे गेली होती, थेट नखाच्या मुळापर्यंत. मुळाजवळच्या कातडीवरही तिचा काळसर डाग उतरला होता.

रंग वरून लावलेला असता तर तो पुढे सरकला असता. ही रेघ आतून येत होती. हे मला कळलं. नखाखालचा कर्करोग कधी कधी असा रेघेसारखा सुरू होतो, हे मी वर्षांपूर्वी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडून ऐकलं होतं. त्याच बाई आम्हाला सगळ्यात जास्त नखं पाठवतात; लॅबमध्ये आम्ही त्यांना नुसतं मॅडम म्हणतो. ते ऐकलेलं सगळं त्या क्षणी मला आठवलं. आठवलं नव्हतं, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

"काय रे, एवढं काय बघतोयस?" काकूंनी विचारलं.

"काही नाही काकू. मेंदी छान रंगलीय."

हे माझे शब्द. मी का बोललो नाही? टेक्निशियननं निदान सांगायचं नसतं, हा नियम आहे. त्यामागे लपणं सोपं होतं. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली. ती मेंदी माझी होती. "काकू, डॉक्टरकडे चला" म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, "मग तू मेंदी का लावायला सांगितलीस?" या एका प्रश्नाला मी घाबरलो. मनाशी म्हटलं, डाग जुन्या ठेचेचाही असेल. मनाला काय, तेही घरगुती उपाय करतंच.

नमुना काचेवर घेतला. धागे दिसले नाहीत. रिपोर्ट तयार झाला: "बुरशी आढळली नाही." आमच्या रिपोर्टच्या तळाशी शेऱ्यासाठी एक ओळ असते. तिथे "नख डॉक्टरांना दाखवावे" एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी ती ओळ कोरी सोडली. लॅबच्या डॉक्टरांनी सही केली. त्यांनी काच पाहिली होती, पाय पाहिला नव्हता. पाय पाहणारा मी एकटाच होतो.

काकूंनी रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकला. मेंदी जिंकली होती.

श्रावणात, तीजच्या सणाच्या आदल्या दिवशी पल्लवी लॅबमध्ये आली. बसलीही नाही, मोबाइल पुढे धरला. नख मधोमध चिरलं होतं, खालून रक्त येत होतं.

"सुधीरभैया, आईला मी बोलली, डॉक्टरकडे जाऊ. ती ऐकतच नाही. बोलते, सुधीरने लिहून दिलं ना, बुरशी नाही, मतलब नख ठीक आहे. उद्या तीज आहे म्हणून मेंदी लावायला बसली, मी धुतला पाय, तेव्हा हे दिसलं." तिनं माझ्याकडे बघितलं. "हे ठीक नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. तीन महिने उशिरा.

त्याच दिवशी मी दोघींना मॅडमकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "यह कब से है?"

"सर्दियों से," काकू म्हणाल्या.

"किसी ने देखा नहीं?"

मी तिथेच उभा होतो, हाताच्या अंतरावर. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "दिखता कैसे, बेटा," त्या म्हणाल्या, "मेहंदी लगी थी ना." मी मान खाली घातली आणि तिसऱ्यांदा गप्प राहिलो.

तुकडा तपासायला गेला. कर्करोगच निघाला. अंगठा काढावा लागला, जांघेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण बोलताना त्यांच्या तोंडून निसटलं, "थोडा पहले आ जातीं तो..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ते मी आजपर्यंत रोज वेगवेगळ्या प्रकारे पुरं करतो. अंगठा वाचला असता का? गाठी वाचल्या असत्या का? कुणी सांगू शकत नाही. पण तीन महिने होते आणि ते माझ्यापाशी होते, हे मी सांगू शकतो.

गेल्या दिवाळीत पाडव्याला मी दुर्गापुऱ्याला गेलो. काकू खाटेवर बसल्या होत्या, पाय उशीवर, पायाला पट्टी. नमस्काराला वाकलो आणि हात पुढे जाईना. तिथेच जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. तिळगुळाच्या दिवसापासून, चंद्रकोर, रेघ, कोरी ओळ, सगळं. पल्लवी चकलीची ताटली घेऊन दारात उभी होती, ती तशीच आत गेली.

काकूंनी उशीवरचा पाय थोडा मागे घेतला.

"मला कळलं होतं," मग त्या म्हणाल्या. "तू कधी इतका वेळ बघत नाहीस. घरी येऊन मी विचार केला, सुधीरनं काहीतरी पाहिलं. पण मग म्हटलं, असतं काही तर बोलला नसता का?" त्यांचा आवाज चढला. "दोन महिने माझ्या ताटातलं जेवलास आणि एवढं बोलायला तुझी जीभ उचलली नाही? थट्टा करायला बरी उचलते!"

मी रडायला लागलो.

"रडायचं असेल तर तिकडे सरकून रड," काकू म्हणाल्या. "पट्टीवर पाणी पडायला नको म्हणालेत डॉक्टर."

चकली त्या दिवशी मला मिळाली नाही. मिळावी असं मला वाटलंही नाही.

तेव्हापासून मी माझ्या हातून जाणाऱ्या नखाच्या प्रत्येक रिपोर्टवर शेऱ्याची ओळ भरून देतो. सही करणारे डॉक्टर पहिल्या आठवड्यात म्हणाले, "सुधीरजी, हर रिपोर्ट पर?" मी म्हणालो, "हर रिपोर्ट पर." चिठ्ठी नसलेल्या माणसाला, तो कितीही आपला असो, आधी डॉक्टरकडे पाठवतो. काही जण रागावतात, म्हणतात, सुधीर आता मोठा झाला. ग्रुपवरच्या त्या संदेशाखाली मी खरं काय ते लिहिलं. त्याला एकाही बाईनं हात जोडले नाहीत. लसूण, सोडा, व्हिनेगर यांच्याबद्दल माझं मत तसूभर बदललेलं नाही. हे सगळे उपाय निरुपयोगी आहेत आणि त्यातले निम्मे पाय भाजतात. पण उपाय करणाऱ्या माणसाला कुणीतरी आधी हसलेलं असतं आणि म्हणून तो पाय झाकून घेतो, हे मला पूर्वी ठाऊक नव्हतं.

या जानेवारीत पुन्हा तिळगूळ झाला. तीच गच्ची, तेच पतंग. काकू काठी टेकत आल्या. अंगठा नसला की चालताना तोल पुढे जातो, म्हणून त्या आता सावकाश चालतात. दर तीन महिन्यांनी तपासणी असते, आतापर्यंत सगळं ठीक आहे. माझ्याशी त्या बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. मला ते योग्यच वाटतं.

नव्यानंच बदलून आलेल्या बँक मॅनेजरच्या बायकोनं मला विचारलं, "भाऊजी, माझं नख जरा पिवळं झालंय. मी कांद्याचा रस लावतेय. चालेल ना?"

कांदा! माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. चांगलं होतं, सगळी गच्ची हसली असती.

"सुधीर," पलीकडून काकूंचा आवाज आला. "तोंड मीट. आधी मोजा काढायला सांग तिला."

त्या बाई संकोचल्या. तिळगुळाचं ताट शेजारीच होतं. ते मी थोडं बाजूला सरकवलं, सतरंजीवर गुडघे टेकले आणि उन्हात त्यांचं नख नीट पाहिलं. पिवळं होतं, जाड होतं, बाकी काही नव्हतं. तरी मुळापर्यंत पाहिलं. मग म्हणालो, "आता काहीही लावू नका. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा."

उठलो तेव्हा काकू माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"हसला नाहीस ना?"

"नाही काकू."

"मग घे," म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.